एक बैल त्याचा, एक माझा

फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या एसटी स्टँडवर बसलो होतो आणि मला नीटसं काही दिसत नव्हतं. सकाळी डोळे तपासायला गेलो होतो. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले होते आणि भादव्याचं ऊन डोळ्यांत असं घुसत होतं, की समोरची गाडी अक्कलकोटची की तुळजापूरची हे शेजारच्या बाईंना विचारावं लागत होतं. फोनवर कुणाचं नाव आलंय तेही वाचता येईना. कानाला लावला तर मल्लप्पाच्या बायकोचा, गौरावहिनींचा आवाज. रडत नव्हत्या. "मास्तर, तुमी कुटं हाय? ह्यांना जरा बघा की… वखर हाकता हाकता खाली बसलेत, उठंनात." मी म्हणालो, "सावलीला घ्या, पाणी द्या, मी निघालोच." तेवढ्यात फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि जे कळायचं ते मला कळलं. आमच्या मैंदर्गीला पोचेपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "आपरेशन झालं का गुरुजी?" मी हो म्हणून टाकलं.

मी रानात पोचलो तेव्हा मल्लप्पाला घरी नेलं होतं. औत मात्र तास, म्हणजे औताची ओळ, अर्धं सोडून तसंच उभं होतं. त्याचा बसव्या आणि माझा हरण्या, दोघं मानेवर जू घेऊन, जिथं तो खाली बसला तिथंच थांबलेले. गडबडीत त्यांना सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि चला म्हणणारा माणूस राहिला नव्हता. मी जू सोडलं, दोघांना पाणी दाखवलं आणि मग त्याच्या घराकडे गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला त्याच्याच रानात, वरच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली पुरलं.

आमचं नातं काय होतं, असं त्या दिवसांत भेटायला येणारे पाहुणे विचारायचे. मी सांगायचो, सावड. ज्यांनी शेती केली ते एवढ्यावरच मान हलवायचे. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार एकरांच्या शेतकऱ्याला दोन बैल वर्षभर पोसणं जड जातं, आणि एका बैलानं औत चालत नाही. मग दोघं शेतकरी एकेक बैल पाळतात आणि जोडी करून दोघांची रानं कसतात. त्याचे चार एकर, माझे तीन, मधे एक बांध. मी करकंबचा. मास्तर म्हणून इकडे बदलून आलो, इथंच रमलो आणि हौसेनं जमीन घेतली. हौस एवढी की पहिल्या वर्षी पेरणीची पाभर उलटी जुंपायला निघालो होतो. मल्लप्पा बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मग जवळ येऊन अदबीनं म्हणाला, "मास्तर, असं केलं तर बी वर उडंल." हसला नाही. ते हसू त्यानं घरी जाऊन वहिनींपाशी मोकळं केलं, हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. त्या दिवसापासून आमची सावड सुरू झाली ती तीस वर्षं चालली. बैल बदलले, आम्ही दोघं तेच राहिलो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण मला कायम "तुमी" म्हणायचा. मी त्याला पहिल्यापासून "अरे मल्लप्पा" करत आलो, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे मला आता, तो नसताना, सुचतंय.

माझ्याशी तो मराठीत बोलायचा, घरात आणि बैलांशी कन्नडमध्ये. नडी म्हणजे चल, निल्ल म्हणजे थांब, बा म्हणजे ये. माझे बैलही त्याच्याच हाताखाली औताला लागलेले, त्यामुळे माझ्या मराठीला ते दाद देत नसत. आयुष्यभर पोरांना शुद्धलेखन शिकवणाऱ्या मला स्वतःच्या बैलासाठी दुसरी भाषा शिकावी लागली, आणि मल्लप्पा सगळ्या गावाला सांगायचा, "मास्तरांचा बैल मास्तरांपेक्षा शिकलेला हाय."

त्याच्या शेताचं मला फार कौतुक होतं. आमच्याकडे कुणी ऊस लावला, कुणी डाळिंब, एकदा लावलं की सगळं रान त्याच एका पिकाच्या हवाली. मल्लप्पाच्या चार एकरांत मात्र वर्षभरात दहा-बारा पिकं निघायची. पावसाळ्यात तूर आणि तिच्या पोटात उडीद. थंडीला मालदांडी ज्वारी, तिच्यात ठरावीक अंतरानं करडईची ओळ, कडेनं पुन्हा काटेरी करडई म्हणजे गुरं आत शिरत नाहीत. खालच्या सखल पट्टीत ओल टिकते म्हणून तिथं हरभरा. विहिरीजवळ थोडा गहू, कांदा, मेथी, वांगी. एका कोपऱ्यात मूठभर जवस, चटणीपुरतं. यंदा जिथं ज्वारी तिथं पुढच्या साली काय, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं असं मी समजून चाललो होतो. शाळेत मी पोरांना त्याचं उदाहरण द्यायचो. एकदा शेतीखात्याचे एक साहेब आले होते, त्यांनाही मी अगत्यानं बांधावर नेलं. साहेबांनी विचारलं, "करडईची ओळ ज्वारीच्या सहा तासांनंतरच का?" मल्लप्पानं टोपी मागं सारली, रानाकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या सांगतो." साहेब चकित झाले. मी मात्र त्यांना म्हणालो, हा विचार केल्याशिवाय बोलत नाही. खरंच दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला आणि त्यानं सगळं कारण व्यवस्थित सांगितलं, पण साहेब तोवर गेले होते. नंतर ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरवाल्याला हे ओळीओळीचं प्रकरण सांगितलं की तो हात जोडायचा, "असलं बारीक काम मला जमायचं न्हाय, मालक." म्हणून आमची पेर बैलांवरच राहिली. गावानं आम्हाला म्हाताऱ्यांचं औत असं नाव ठेवलं होतं, त्याचं आम्हाला काही वाटत नसे.

सावडीत भांडण लागतं ते एकाच गोष्टीवरून, आधी कुणाचं रान. पाऊस उघडला की जमीन चिकटही नाही आणि कोरडीही नाही अशी चार-पाच दिवस राहते. तो वापसा. तेवढ्यात पेरलं तर उगवण छान. वारा सुटला तर तेही दिवस मिळत नाहीत, आणि मग ज्याचं मागं राहिलं त्याचं नशीब. आम्ही पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, एक साल त्याचं आधी, एक साल माझं. तीस वर्षांत ही पाळी एकदाच मोडली, आणि ती मी मोडली.

बारा वर्षं झाली त्याला. पाळी मल्लप्पाची होती. वहिनी महिनाभरापूर्वीच करकंबला गेल्या होत्या. त्यांची एकुलती एक लेक तिथं दिलेली, स्थळ मीच आणलं होतं, आणि तिचं पहिलं बाळंतपण होतं. ते दिवसांआधीच आलं. निरोप आल्यावर मल्लप्पा अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. जाताना त्याचा तेव्हाचा बैल माझ्या गोठ्यात बांधला. "दोन दिस वैरणपाणी बघा मास्तर. आलो की पेर धरू." तो गेला आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला. शनिवार होता, मला दोन दिवस सुट्टी, सोमवारपासून शाळेत चाचणी परीक्षा. मी सकाळी दोन्ही बैल बाहेर काढले. माझी बायको सुमन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पाळी त्यांची आहे ना?" मी म्हणालो, "बैल नुसते बांधून ठेवून कुणाचं भलं होणारेय?" दोन दिवस ती पाभरीमागं चालली, बी सोडायचं जे लाकडी चाडं असतं त्यावर मूठ धरून, आणि दोन दिवसांत तिनं माझ्याशी कामापुरताच शब्द काढला. आमचं रान पेरून झालं.

मल्लप्पा चौथ्या दिवशी आला. नात झाल्याची साखर घेऊन आधी माझ्याकडेच आला. बांधावरून त्यानं माझं रान बघितलं, नंतर स्वतःचं. त्याची माती वर पांढरी पडायला लागली होती. मी म्हणालो, "मल्लप्पा, पाळी तुझी होती, पण…" तो म्हणाला, "पाळी परत येती की. बैल रिकामा बसला न्हाय, बरं झालं." दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचं रान पेरायला घेतलं. पाभरीच्या दातांना कोरडी ढेकळं लागत होती. हरभरा निम्मासुद्धा उगवला नाही, ज्वारी तुरळक आली. कडबा पुरला नाही म्हणून उन्हाळ्यात त्यांची गाय पाहुण्यांकडे पाठवावी लागली. वहिनींनी वासरू असल्यापासून वाढवलेली गाय. ती तिकडेच दगावली. मल्लप्पानं माझ्यापाशी या गोष्टीचा पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही काटेकोर पाळी पाळली आणि मला वाटत राहिलं, की मिटलं.

पाच वर्षांपूर्वी सुमन गेली. मुलगा पुण्यात. तेव्हापासून माझ्या रानातही चाड्यावर मूठ वहिनींचीच. रोज संध्याकाळी मल्लप्पा हरण्याला सोडायला यायचा आणि माझ्या ओट्यावर बसायचा. फार बोलायचा नाही. चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालायचा. आता हरण्याला मीच बांधतो, चहा एकाचाच करतो आणि तो गार होईस्तोवर बसून राहतो. खोटं कशाला सांगू, बायको गेली तेव्हा घर रिकामं झालं होतं, पण संध्याकाळ उरली होती. आता तीच सरत नाही.

दिवसकार्य आटोपलं आणि दोन दिवस चांगला पाऊस झाला. मग उघडीप. वापसा होणार हे पायाखाली कळत होतं. लेक आईला करकंबला न्यायला आली होती. बैल विकायचा, रान कुणालातरी कसायला द्यायचं, असं तिचं म्हणणं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. बसव्या गेला की माझी सावड मोडणार होती आणि माझी शेतीही. तरी मी वहिनींकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, यंदा पाळी तुमची. कधी जुंपायचं?" त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. "लेक म्हनती चला… मी म्हनते, पेरून तरी येते. रान पडीक ठिवून कसं जायाचं?" लेक एकटीच परत गेली.

आदल्या दिवशी मी बसून, आठवून आठवून, मल्लप्पाच्या रानाचा नकाशा वहीत काढला होता. कुठं ज्वारी, किती तासांवर करडई, मागच्या साली काय होतं, यंदा काय हवं. मास्तरकीची खोड. त्याच्यामागं त्याची पद्धत मोडू नये, एवढंच मनात होतं. सकाळी वहिनींना ते वाचून दाखवायला लागलो. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या. "मास्तर, हे सगळं मीच सांगत व्हते की त्यांला. त्यांच्या डोक्यात कुटलं राहतंय? तुमी कायबी इचारलं की उद्या सांगतो म्हनून घरला यायचे आनि रातच्याला जेवताना मला इचारायचे." मी वही मिटली. तीस वर्षं ज्या माणसाचं डोकं मी वाखाणलं, त्याच्यामागं ह्या बाई होत्या, आणि त्यानं मला ते कळू दिलं नाही. की मीच कधी विचारलं नाही, कुणास ठाऊक.

पेर सुरू झाली. मी औत हाकत होतो, वहिनी मागून कमरेच्या ओटीतलं बी चाड्यात सोडत होत्या. वरच्या कोपऱ्यात कडुलिंबाजवळ आलो तेव्हा तासं वळवून घ्यावी लागली. वहिनी तिथं थोडं थांबल्या आणि नव्या मातीकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी हळू बोलल्या. माझं कन्नड बैलांपुरतंच, मला काही समजलं नाही. मग खालच्या सखल पट्टीत उतरलो. तिथं त्यांना जुनी आठवण झाली असावी. चालता चालता मागून म्हणाल्या, "हितलाच हरभरा त्या साली बसला न्हवता. सगळं नीट ठरवून करकंबला गेले व्हते मी. आनि ह्यांनी तुमाला जाताना सांगितलं, तुमचं आदी उरकून घ्या म्हनून. तुमी नको नको म्हनत व्हता तरी. असला मानूस… घरचं सोडून दुसऱ्याचं आदी." आवाजात राग नव्हता, उलट जिव्हाळाच होता. "लई बोलले मी त्यांला त्याच्यावरून. गाय मेली तवा तर सा म्हैने मी धड बोलत न्हवते. तोंड खाली घालून जेवायचे बिचारे."

त्यानं घरी असं सांगितलं होतं! मला बोलून दाखवलं नाही एवढंच मला माहीत होतं. पण त्यानं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी शेजारच्या रानात पाळीचे नियम पाळत सुखानं राहिलो. गप्प बसणं सोपं होतं. वहिनींच्या मनात मी भला माणूस होतो, आणि भल्या माणसाची सावड त्या मोडतीलच असं नव्हतं. मी मुकाट पाच-सहा तासं काढली. मग बैलांना म्हणालो, "निल्ल." मागं वळलो आणि सांगितलं. की तो काहीही बोलला नव्हता, बैल फक्त सांभाळायला दिला होता, सुमन नको म्हणत होती, मीच जुंपला.

वहिनींची मूठ चाड्यावर मिटलेली होती. मग म्हणाल्या, "त्यांनी का न्हाय सांगितलं मला?" लगेच पुढं, "आनि तुमी? बारा वर्सं हितंच व्हता की." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच येऊ दिलं. "मी त्यांला काय काय बोलले, मास्तर…" बैल शेपट्या हलवत उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी पदर खोचला. "चला. ऊन चढाय लागलंय, ओल जाईल." दुसऱ्या दिवशी मावळतीला त्यांचं रान पेरून झालं. एकाही ओळीत त्यांची मूठ चुकली नाही, पण पुढं शब्दही निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी माझं रान पेरायचं होतं. त्या येतील अशी माझी अपेक्षा नव्हती. सकाळी दार उघडलं तर बसव्या माझ्या खुंट्याला बांधलेला आणि वहिनी आपल्या वाटेला लागलेल्या. मी हाक मारली, चहा घ्या म्हणालो. त्यांनी हातानंच नको म्हटलं. सावड त्यांनी पाळली होती, मूठ मात्र माझ्यासाठी धरायची नव्हती. तीन एकर मी एकट्यानं पेरले, एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातानं बी. आता ज्वारी वीतभर वर आलीय. बांधाच्या पलीकडे त्यांच्या रानात ओळी एकसारख्या, करडई जिथं हवी तिथं. माझ्याकडे कुठं दाट झुबके, कुठं हातभर रिकामी जागा. जाणारे-येणारे थांबून बघतात, मी काही सांगत बसत नाही.

त्या अजून करकंबला गेलेल्या नाहीत. लेकीचे फोन येतात, त्या पीक निघू दे म्हणतात. आम्ही बोलतो ते बैलांपुरतं, वैरण, पाणी, खुरांना पत्री मारायला कधी न्यायचं. मल्लप्पाबद्दल दोघंही बोलत नाही. ज्याच्यापाशी माफी मागायची तो कडुलिंबाखाली आहे, आणि जिच्यापाशी मागितली तिला माझ्या माफीचं काय करावं कळत नसेल, असं मला वाटतं. परवा कोळपणी झाल्यावर बसव्याला घेऊन मी त्यांच्या गोठ्यात गेलो. त्या कडब्याची पेंढी सोडत होत्या. बरेच दिवस मनात घोळत होतं ते मी बोललो. म्हणालो, "वहिनी, पुढच्या वर्षीही तुमचंच रान आधी पेरू. त्या सालचं फिटू दे."

त्यांनी पेंढी बसव्यापुढं टाकली, हात झटकले.

"न्हाय मास्तर. पुढल्या साली पाळी तुमची हाय," त्या म्हणाल्या. "तुमचंच आदी पेरायचं."

मी बैल बांधला आणि बांधावरून घरी आलो.